'ई' गेला अन् जीव गेला!

शुक्रवार पेठेतून अक्कलकोट रोड एमआयडीसीकडे टू-व्हीलरवर निघालात ना, की बोर्ड वाचायचा टाइमपास फुकटात होतो. सोलापूरचे बोर्ड म्हणजे धम्माल! एकाच भिंतीवर मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू आणि उरलेल्या जागेत इंग्रजी. अशाच एका शेडवर लाल अक्षरांत इंग्रजीत लिहिलंय 'डाइंग वर्क्स'. स्पेलिंग बघा : डी-वाय-आय-एन-जी. म्हणजे सूत रंगवायचा कारखाना नाही, चक्क मरायचा कारखाना! शेडचं नाव मी सांगणार नाही. मालक भला माणूस आहे आणि त्याचा रंग धुण्यात उतरत नाही. त्याला हवं होतं डी-वाय-ई-आय-एन-जी. मधला एक 'ई' पेंटरच्या डब्यात राहिला, एवढंच.

हसलात? हसा. पण हे ऐका. ज्याच्या १७५५ सालच्या इंग्रजी डिक्शनरीचं नाव आजही आदराने घेतात, तो सॅम्युअल जॉन्सन 'रंगवणं' आणि 'मरणं' हे दोन्ही शब्द एकाच स्पेलिंगने लिहायचा : डी-आय-ई. त्याच्या थोडा आधीचा नावाजलेला निबंधकार जोसेफ ॲडिसन नेमकं उलट करायचा. तो दोन्ही डी-वाय-ई लिहायचा. म्हणजे एमआयडीसीतल्या आपल्या पेंटरचा घोळ लंडनच्या दिग्गजांनीही घातलेला आहे! दोन्ही शब्दांची घराणी वेगळी. रंगवणारा 'डाय' अस्सल जुन्या इंग्रजीतला, मरणारा 'डाय' स्कँडिनेव्हियाकडून आलेला पाहुणा. उच्चार एक झाला, गोंधळ व्हायला लागला, मग केव्हातरी एकाच्या वाट्याला 'वाय' आला आणि दुसऱ्याच्या वाट्याला 'आय'. 'डाइंग'मधला 'ई' हा असाच सोयीसाठी ठेवलेला वॉचमन आहे.

हा वॉचमन आपल्याला दिसत नाही, कारण आपण मराठी माणसं इंग्रजी शब्द डोळ्यांनी नाही, कानांनी ओळखतो.

कॉलेजचे प्रिन्सिपल. होम लोनचं प्रिन्सिपल. आणि 'बॉस, माझे काही प्रिन्सिपल्स आहेत' मधलं प्रिन्सिपल. देवनागरीत हे तिन्ही सारखेच, काना-मात्रेचाही फरक नाही. इंग्रजीत मात्र पहिले दोन पी-ए-एलने संपतात आणि तिसरा पी-एल-ईने. गंमत म्हणजे तिघेही एकाच लॅटिन घरातले. मूळ अर्थ 'पहिला'. पहिला माणूस, पहिली रक्कम, पहिलं तत्त्व. आपण मराठीत प्राचार्य, मुद्दल आणि तत्त्व असे तीन सुटसुटीत शब्द वापरले असते तर प्रश्नच नव्हता. पण बँकेत जाऊन 'मुद्दल किती राहिलं?' विचारायला आपल्या पिढीला कसंतरीच वाटतं ना!

'स्टेशनरी'चंही तेच. वही-पेनाच्या दुकानातली 'ई'वाली, जागचा न हलणारा तो 'ए'वाला. ही दोघं तर चुलत भावंडं. युरोपात पुस्तकविक्रेते गावोगाव फिरायचे. ज्याचा एका जागी कायमचा ठेला असायचा तो 'स्टेशनर', आणि तो विकतो ती स्टेशनरी. म्हणजे फेरीवाला आणि नव्या पेठेतला दुकानदार यांच्यातला फरक त्या शब्दाच्या पोटात आहे.

बरं, हे दुखणं फक्त इंग्रजीचं असंही नाही. 'कामगार दीन' असा फ्लेक्स कोणी पाहिला नाही? दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे बिचारा. काही वेळा मात्र फ्लेक्सवाला नकळत खरं लिहून जातो! आणि आमच्या सोलापुरात तर 'सुतगिरणी' असं ऱ्हस्व लिहिलेलं बघते तेव्हा मला हमखास हसू येतं. सूत म्हणजे धागा, सुत म्हणजे मुलगा. पोरांची गिरणी!

लाल रेघ गप्प बसते तेव्हा

मी पुण्यात एका कंपनीच्या प्रपोझल टीममध्ये आहे. महिन्यातले काही दिवस शुक्रवार पेठेतल्या घरून लॉगिन करते, बाकीचे दिवस पुण्यात. बाहेर जाणारी कागदपत्रं आणि मेल्स वाचणं हेच माझं काम. त्यामुळे लोकांचं इंग्रजी मी जेवढं वाचते तेवढं त्यांच्या शाळेतल्या बाईंनीही वाचलं नसेल. आणि एवढ्या वाचनातून माझा एक फंडा क्लिअर झालाय. चुकीचं स्पेलिंग घातक नसतं. बरोबर स्पेलिंगचा चुकीचा शब्द घातक असतो.

म्हणजे बघा. घाईत कोणी 'रिसिव्ह'मधले 'ई' आणि 'आय' उलटे टाकले तर कॉम्प्युटर लगेच खाली लाल रेघ मारतो. न मारली तरी वाचणाऱ्याला कळतं की हात घसरला. पण 'कॅज्युअल लीव्ह'च्या जागी 'कॉजल लीव्ह' गेलं तर? एक 'यू' आणि एक 'एस' यांनी खुर्ची बदलली, बस्स. 'कॉजल' हाही इंग्रजीतला खानदानी शब्द आहे, अर्थ 'कारणाशी संबंधित'. लाल रेघ गप्प. रजेच्या अर्जांत ही 'सकारण रजा' इतकी चालते की एचआरवाले आता डोळा मारूनच मंजूर करत असतील. तसंच बायोडाटातलं 'मॅरिटल स्टेटस'. तिथे 'आय' आणि 'टी'ची अदलाबदल झाली की होतं 'मार्शल स्टेटस'. लग्नाच्या कॉलममध्ये युद्धाची स्थिती! काही घरांत अगदीच चूक नाही म्हणा.

यातल्या बऱ्याच चुका फक्त लाजेच्या असतात, पैशाच्या नाही. 'लूज' आणि 'लूझ' घ्या. एकात दोन 'ओ', दुसऱ्यात एक. 'वी विल लूज द क्लायंट' असं दोन 'ओ' टाकून लिहिलं म्हणून क्लायंट सैल होईल असं जगात कोणालाही वाटत नाही. तरी ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचाच स्क्रीनशॉट फिरतो. आणि बहुतेक वेळा तो फिरतो मराठी मीडियमच्या पोराचा. मला ह्याची जाम चीड आहे. जॉन्सनला जे माफ ते नव्याने जॉइन झालेल्या ट्रेनीला का नाही? बरं, हसणाऱ्यांपैकी निम्मे जण ऑफर लेटरला उत्तर देताना 'ॲक्सेप्ट' आणि 'एक्सेप्ट'मध्ये घोळ घालतात. पहिला 'ए'ने सुरू होतो, अर्थ 'स्वीकारणं'. दुसरा 'ई'ने, अर्थ 'वगळणं'. 'मी तुमची ऑफर वगळतो!' तिथे एचआर समजून घेतं म्हणून, नाहीतर नोकरीच गेली असती.

पण जिथे दोन्ही शब्द वाक्यात फिट्ट बसतात तिथे? तिथे माणूसही पकडत नाही आणि मशीनही नाही. आजकालची सॉफ्टवेअर आजूबाजूचे शब्द बघून निळी रेघ मारतात, 'लूज'-'लूझ' बऱ्यापैकी ओळखतात. पण वाक्याचे दोन्ही अर्थ शहाणे असले की तीही हात वर करतात. आणि तिथेच खिसा कापला जातो. आमच्या घरातलंच उदाहरण देते.

काकांच्या सहा गाठी

माझ्या काकांचे यंत्रमाग आहेत. टेरी टॉवेल काढतात. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल दोघांनाही जीआय टॅग आहे, पण टॅग भिंतीवर लावून ऑर्डर येत नाहीत, त्यासाठी मेल करावे लागतात. काका वर्षानुवर्षं मुंबईच्या व्यापाऱ्यांना माल द्यायचे. मग एकदा थेट परदेशातली ऑर्डर मिळाली. एफओबी टर्म्सवर, म्हणजे बंदरात जहाजावर माल चढेपर्यंत जोखीम विकणाऱ्याची, त्यानंतर घेणाऱ्याची. खरेदीदाराचा मेल आला, त्यात एक साधं वाक्य होतं : बंदरापर्यंत गाठी 'इन्शुअर' करा. 'आय'वालं इन्शुअर. म्हणजे विमा उतरवा.

काकांच्या दिवाणजींनी वाचलं 'एन्शुअर'. 'ई'वालं. म्हणजे खात्री करा, काळजी घ्या. त्यांनी झटकन उत्तर टाकलं, 'येस सर, वी विल एन्शुअर.' आता गंमत अशी, की समोरच्यानेही ते उत्तर आपल्याच अर्थाने वाचलं. इंग्रजीतसुद्धा, विशेषतः अमेरिकनांमध्ये, हे दोन शब्द एकमेकांच्या घरात जा-ये करतात. त्यामुळे कोणालाच शंका आली नाही. दोघंही खूश!

ऐन पावसाळा. ट्रक न्हावाशेव्याला निघाला, ताडपत्री फाटकी निघाली, सहा गाठी भिजल्या. टेरी टॉवेलची गाठ भिजली की काय होतं हे सोलापूरकराला सांगायला नको. टॉवेलचं कामच पाणी पिण्याचं! खरेदीदाराने नम्रपणे लिहिलं, काही हरकत नाही, विम्यातून भरून घ्या. कुठला विमा?

मी काकांना मेल वाचून दाखवला तेव्हा ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत होते.

"अगं, मी म्हणलं माल नीट पोचवा म्हणतोय. पोचवतो म्हणलं. ह्यात चुकलं काय?"

"काका, तुमचं नाही चुकलं. तो 'आय' आहे, 'ई' नाही."

"एवढ्याशा टिंबाच्या अक्षरापायी?"

टर्म एफओबी असल्यामुळे रस्त्यातलं नुकसान तसंही काकांचंच होतं. विमा असता तर ते विमा कंपनीकडून वसूल झालं असतं, नव्हता म्हणून घरातून गेलं. समोरच्याने एका अक्षी फुकटचा सल्लाच दिला होता. दिवाणजींवर काका ओरडले नाहीत, हे मला फार आवडलं. पुढच्या ऑर्डरपासून त्यांनी एवढंच केलं, की 'इन्शुअर' हा शब्द आला की उत्तरात 'इन्शुरन्स पॉलिसी, प्रीमियम कोण भरणार?' असं सरळ विचारायचं. जो शब्द फसवतो तो शब्द उत्तरात वापरायचाच नाही. एमबीएवाल्यांनी लिहून घ्या, ही सही आयडिया आहे!

आणि हे माझं एकटीचं मत नाही बरं का. परदेशी व्यापारात 'लेटर ऑफ क्रेडिट' असतं. त्यात बँक माल बघतच नाही, फक्त कागद बघते. कागद अटींशी जुळले तर पैसे. मग स्पेलिंग चुकलं तर काय? पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सची ह्यावर बँकांसाठी एक आचारपुस्तिका आहे, आयएसबीपी ७४५, २०१३ सालची. तिच्यात म्हटलंय, की ज्या चुकीने अर्थ बदलत नाही ती चूक धरायची नाही. 'मशीन'मध्ये 'सी-एच'ऐवजी 'एस-एच' पडलं तरी चालेल. पण मॉडेल नंबर ३२१ च्या जागी १२३ लिहिला तर मात्र कागद नाकारता येतो. कारण 'एस-एच'वालं मशीन जगात दुसरं काही नाही, पण १२३ नंबरचं दुसरं मॉडेल खरोखर असू शकतं. बँका लाजेच्या आणि पैशाच्या चुका वेगळ्या करतात. आपला व्हॉट्सॲप ग्रुप करत नाही.

कारखान्यात तर असे शब्द पावलोपावली. उभा ताणा म्हणजे 'वार्प', आणि गुंडाळणं म्हणजे 'रॅप'. इंग्रजीत अक्षरं तीच चार, जागा बदललेल्या. 'बीमला वार्प करा' आणि 'बीमला रॅप करा' यात कामगाराचा अख्खा दिवस जातो. माल बांधून जाते ती गाठ म्हणजे 'बेल'. जामिनावर सुटतो तोही 'बेल', फक्त मधे एक 'आय'. शाळेत वाजते ती बेल. आणि सिद्धेश्वराला वाहतो तो बेल, जो ह्या सगळ्यांत एकटाच आपला! 'सायझिंग' म्हटलं की पुण्याच्या माझ्या मैत्रिणींना मापं घेणं वाटतं. इथे सायझिंग म्हणजे सुताला खळ देणं. तिथे तर स्पेलिंगही एकच, त्यामुळे डोळ्यांचाही उपयोग नाही. आणि ज्या 'लूज'वर सगळे हसतात, तो टॉवेलवाल्याचा फार इज्जतीचा शब्द आहे. टेरीला दोन ताणे लागतात, एक घट्ट आणि एक लूज. लूज ताण्यातूनच ती मऊ फुलं उठतात, जी अंग पुसताना हाताला लागतात. लूज नसेल तर ते टॉवेल नाही, पंचा होईल.

जुन्या मिलचा खटला आणि तुमचं एचआर

तुमच्या कंपनीत 'टॅलेंट ॲक्विझिशन' नावाचं डिपार्टमेंट असेलच. आणि माणूस हवा असेल तर तुमचा मॅनेजर त्यांच्याकडे 'रिक्विझिशन' पाठवतो. ॲक्विझिशन, रिक्विझिशन. कानाला जुळे भाऊ. एक म्हणजे मिळवणं, आपलं करून टाकणं. दुसरं म्हणजे मागणी नोंदवणं. सरकार रिक्विझिशन करतं तेव्हा तुमची वस्तू हक्काने वापरायला घेतं, मालकी तुमचीच राहते. निवडणुकीच्या कामाला गाड्या घेतात ना, तसं.

सोलापूरच्या एका मिलमुळे ह्या भानगडीवर देशाच्या सुप्रीम कोर्टात खल झालाय, हे किती जणांना माहीत आहे? सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, आपली 'जुनी मिल', १९४९ मध्ये बंद पडली. कामगार रस्त्यावर आले. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून मिलचा कारभार हातात घेतला, नंतर त्याचा कायदा झाला. भागधारक कोर्टात गेले. एकाची याचिका डिसेंबर १९५० मध्ये फेटाळली गेली. पण द्वारकादास श्रीनिवास या भागधारकाच्या खटल्यात डिसेंबर १९५३ मध्ये निकाल सरकारच्या विरोधात गेला. सरकारचं म्हणणं साधारण असं, की आम्ही मालकी घेतलेलीच नाही, नुसता कारभार बघतोय. कोर्ट म्हणालं, मालकाच्या हातात काहीच उरत नसेल तर नाव काहीही द्या, हिरावून घेणं ते हिरावून घेणंच. भरपाईशिवाय चालणार नाही.

ह्यानंतर १९५५ मध्ये राज्यघटनेची चौथी दुरुस्ती झाली आणि मालमत्तेच्या कलमात 'ॲक्वायर' आणि 'रिक्विझिशन' हे दोन्ही शब्द शेजारीशेजारी बसवले गेले. शिवाय त्यांची हद्दही आखली : मालकी किंवा ताब्याचा हक्क सरकारकडे गेला नसेल तर ते ह्या दोन्हींपैकी काहीच नाही. ते कलम पुढे १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने मूलभूत हक्कांतून गेलं, तो भाग वेगळा. पण पुढच्या वेळी कोणी 'शब्दात काय आहे यार' म्हणालं, तर त्याला जुनी मिल सांगा. (आणि हो, त्या खटल्यांत आपल्या गावाचं स्पेलिंग 'एस-एच-ओ'ने सुरू होतं. साहेबाने सोलापूरचं शोलापूर केलं होतं. आता 'एच' गेला, कोणाला त्याची आठवणही येत नाही.)

मार्शल लॉ

आता जरा गंभीर. पुण्याहून 'हुतात्मा एक्स्प्रेस' पकडणाऱ्या सोलापूरकराला नाव ऐकलं की चौघे आठवतात. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली, सोलापूर पेटलं, गोळीबार झाला आणि १२ मेला इंग्रजांनी शहरावर मार्शल लॉ पुकारला. तो जूनअखेरपर्यंत होता. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं गेलं.

आमच्याकडे जुनी माणसं 'मार्शल लाच्या वक्ताला' असा काळ मोजायची. त्यांना स्पेलिंगशी देणंघेणं नव्हतं. पण आपल्या पिढीने शाळेच्या प्रोजेक्टपासून इन्स्टाच्या पोस्टपर्यंत जे इंग्रजीत लिहिलंय त्यात हा 'मार्शल' बरेचदा चुकीचा असतो. विधानसभेत गोंधळ घालणाऱ्या आमदाराला उचलून बाहेर नेतो तो 'मार्शल', फील्ड मार्शलमधला. हा शब्द जुन्या जर्मन कुळातला, मूळ अर्थ घोड्यांची निगा राखणारा नोकर. तबेल्यापासून सुरुवात करून सेनापतीपर्यंत पोचला, करिअर ग्रोथ म्हणतात ती ही! मार्शल लॉमधला मार्शल वेगळा, 'टी-आय-ए-एल'वाला. तो आलाय मार्स या रोमन युद्धदेवतेवरून. तो कायदा शिस्तीचा नव्हे, लष्कराचा. सोलापूरने सोसलं ते हे दुसरं.

आणखी एक. फाशी दिलं याला इंग्रजीत 'हँग्ड' म्हणतात. दोरीवर चादर वाळत टाकली तर ती 'हंग'. क्रियापद एक, पण माणसासाठी भूतकाळ वेगळा. कोर्टाच्या भाषेने तो जुना 'हँग्ड' जपून ठेवला म्हणून तो टिकला. बोलण्यात इंग्रज स्वतःही हा भेद पाळतातच असं नाही. 'लूज'वर मी कोणाला हसणार नाही, 'कॉजल लीव्ह' मी हसून सोडून देईन, पण ह्या चौघांबद्दल कोणी 'हंग' लिहिलं तर मी ते दुरुस्त करते. अर्थ कळत नाही म्हणून नाही. मला ते चादरीसारखं वाचवत नाही म्हणून.

एक जोडी मात्र उलट्या जातीची आहे. आतापर्यंत दिसायला सारखे, अर्थ वेगळे. हे दोघे दिसायला विरुद्ध, अर्थ एकच! पुणे-सोलापूर हायवेवर टँकरच्या मागे गाडी चालवली असेल तर वाचलं असेल, 'हायली इन्फ्लेमेबल'. 'इन' म्हणजे 'नाही' हे आपल्याला पाचवीत शिकवलेलं. करेक्ट-इनकरेक्ट, व्हिजिबल-इनव्हिजिबल. मग 'फ्लेमेबल' म्हणजे पेटणारं आणि 'इन्फ्लेमेबल' म्हणजे न पेटणारं, असं कोणी समजलं तर त्याचं काय चुकलं? पण इथला 'इन' हा 'आत'वाला आहे, लॅटिनमधून आलेला. दोघांचाही अर्थ चटकन पेटणारं. ह्यातून कोणाचातरी जीव जाईल हे ओळखून अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने १९२० च्या दशकातच 'इन' काढून टाका, नुसतं 'फ्लेमेबल' लिहा, असा आग्रह धरला होता. शंभर वर्षं झाली, आपले टँकर अजून 'इन' मिरवतायत.

सोलापुरात आगीची थट्टा आता कोणी करत नाही. १८ मे २०२५ ला अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला पहाटे आग लागली आणि आठ जण गेले. त्या आगीचा आणि कुठल्याही शब्दाचा संबंध नाही. पण त्यानंतर काकांनी आपलं शेड नव्याने बघितलं. गोदामाच्या दारावर जुना बोर्ड होता, इंग्रजीत 'इन्फ्लेमेबल'. आत काम करणारे बहुतेक जण घरी तेलुगू बोलणारे, काही कन्नड.

पेंटरला बोलावलं. मराठीत 'ज्वालाग्राही' लिहू का, असं त्याने विचारलं. काका म्हणाले, असले जड शब्द नकोत, 'लगेच पेट घेतं' लिही. त्याखाली तेलुगूत, त्याखाली कन्नडमध्ये. तेलुगू ओळ बरोबर आहे का, हे मागावरच्या दोघांना वाचायला लावलं. पेंटरने मोजमाप घेतलं आणि विचारलं, "इंग्रजीला खाली जागा उरतेय. काय लिहू?"

"काही लिहू नको," काका म्हणाले. "पेटलेली काडी काढ. मोठी."